योगूचा शिक्का

विद्यानगर, हैदराबाद
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. सौ. माधवी हीस आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघं खुशाल. तुझी खुशाली रोज फोनात दिसते, तरी कागदावर विचारायची रीत आहे म्हणून विचारते. बरी आहेस ना? तिकडं बर्फ पडायलाय असं युवराज म्हणत होता. कानाला बांधत जा. मोठी साहेबीण झालीस म्हणून कानात वारं शिरायचं थांबत नाही.

शिक्का बसला गं बाई! युवराजनं तुला सांगितलंच, पण सांगणं वेगळं आणि पासपोर्ट हातात धरणं वेगळं. आत योगूचा फोटो आहे, मांजराच्या पिल्लागत डोळे वटारलेला. मी देवापुढं ठेवून फूल वाहायला गेले तर तुझा नवरा ओरडला, "आई, ओलं फूल नको! डाग पडला तर परत पहिल्यापासून सगळं!" मग लांबूनच अक्षता दाखवल्या. देवाला काय, लांबूनही दिसतं. सगळ्या गल्लीत पेढे वाटले. समोरच्या सत्तेम्मानं दोन खाल्ले, साखर आहे तिला, तरी खाल्ले. म्हणाली, "आज साखर वाढू दे, माझी पोरगी अमेरिकेला चालली." तिची पोरगी म्हणे! बघ, योगू जन्माला घातलीस तू एकटीनं आणि इथं आयांची रांग लागलीय.

तू म्हणशील, रोज तोंड दिसतंय तर हा कागद कशाला. परवा फोनवर तू विचारलंस, "आई, योगूवर रागावलात का? ती जवळ आली की तुम्ही उठून जाता, असं हे सांगत होते." आणि मी कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावायचा नव्हता. डाळ केव्हाच शिजून खाली उतरली होती. फोन लागला की योगू मांडीवर असते, युवराज पाठीशी असतो, आणि तुझं तोंड दिसलं की माझे शब्द फिरतात. म्हणून लिहायला बसले. माझ्या चार यत्ता, त्याही भालकीच्या शाळेत मास्तर असतील त्या दिवशी. तेव्हा चुका तू दुरुस्त करून वाच. युवराजच्याच बॅगेत देते. त्यानं उघडला तरी दोन ओळीत दमेल. इंग्लिश शाळेत घातला तेव्हा मी भांडले होते, पण आज त्याचा उपयोग झाला म्हणायचा.

सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही. हे, म्हणजे तुझे सासरे हिम्मतराव (घेतलं नाव, आता कोण रागावतंय), हे म्हणायचे, "भामाला भालकीहून हैदराबादला यायचं असलं तर ती आधी लातूरला जाऊन येईल." तर थोडी लातूरला जाऊन येते. ऐक.

त्या दिवशी अमेरिकन कचेरीत आत जायला मला परवानगी नव्हती. ज्याची तारीख त्यानंच जायचं. युवराजची होती आणि योगूची. मी नानकरामगुड्याच्या रस्त्यावर, भिंतीच्या सावलीला बसले. माझ्यासारखे पुष्कळ होते. कुणाची बायको आत, कुणाचा मुलगा आत. एक तेलुगू बाई सारखी ओठ हलवत होती. मी विचारलं, "कुणाचं?" म्हणाली, "मुलीचं. नवरा तिकडं, ही इकडं, लग्नाला दोन वर्षं झाली." मी म्हटलं, आमच्यात उलटं. आमची सून तिकडं कंपनीनं पाठवलेली आणि आमचा मुलगा तिच्या पदराला बांधून गेलेला. तिला आधी खरंच वाटेना. मग म्हणाली, "अशी सून पाहिजे अम्मा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्या घराचा कागद तुझ्या नावावर चालतो हे मी येईल त्याला सांगते. भगवंतराव भाऊजींनी एकदा मला टोमणा मारला होता, "वहिनी, मुलगा सासरी नांदायला दिलात का?" मी म्हटलं, "दिला. आणि सून चांगली आहे, हुंडा मागितला नाही."

पण खरं सांगू, सासरी तर तूच गेलीस. युवराजनं मला त्या व्हिसाचं समजावून सांगितलं तेव्हा मी त्याला तेच म्हटलं. ज्या कंपनीनं नेलं तिथंच नांदायचं. दुसऱ्या कंपनीचं दार उघडं दिसलं तरी जायचं नाही. तिनं घराबाहेर काढलं तर बोचकं बांधून देशाबाहेर. हा तर जुन्या काळचा सासुरवास झाला की! युवराज हसला, म्हणाला, "आई, तू वकिलापेक्षा सोपं सांगतेस." मग मी विचारलं, या कागदावर घरचं माणूस म्हणून कोण कोण जातं? म्हणाला, नवरा किंवा बायको, आणि मुलं. "आणि आजी?" तर म्हणाला, "आजी पाहुणी म्हणून येऊ शकते." बरं. पाहुणी तर पाहुणी. पाहुणीला भांडी घासावी लागत नाहीत.

तर ती दोघं बाहेर आली. युवराज हसत होता, योगू त्याच्यापासून हातभर लांब चालत होती. तो नाताळाच्या आधी आला तेव्हापासून ती त्याला 'फोनातले पप्पा' म्हणते. आधी फोनमध्ये बघायची, मग त्याच्याकडे, की हा बाहेर कसा आला. युवराज म्हणाला, "आई, आत काय मजा झाली! साहेबानं योगूला विचारलं, शेजारच्या बाईनं त्याचं तेलुगू केलं, 'अम्मा एक्कड?' आई कुठंय? आणि ही ऐटीत म्हणाली, 'बयट कूर्चुंदि.' बाहेर बसलीय!" साहेबानं कागदाकडे बघितलं, युवराजकडे बघितलं. कागदावर आई अमेरिकेत, आणि पोरगी सांगतेय आई दाराशी बसलीय. मग युवराजनं सांगितलं की ती आजीलाच आई म्हणते. साहेब भला होता. हसला, योगूला हात हलवून टाटा केलं, आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

मीही हसले. रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपली, तोंडात माझ्या पदराचं टोक. आणि मग मला हसू येईना.

तिचा दोष नाही. युवराज मला आई म्हणतो, तू आई म्हणतेस, भाजीवालासुद्धा अम्मा म्हणतो. तिनं दुसरं काय म्हणायचं होतं? सुरुवातीला मी सांगत होते, "आई ती बघ, फोनात." ती फोनाला पापी द्यायची आणि वळून मला म्हणायची, "आई, भूक." मग मीही सांगायची सोडून दिली. एवढंच मी केलं, माधवी. सोडून दिलं. गोड लागत होतं.

आता युवराज उठलाय, बॅगेला वजन करायचंय म्हणतो. बाकीचं उद्या लिहिते.

बुधवार

काल इथवर आले होते. आज सकाळी दोघं कोठीच्या बाजारात गेलीत, तिच्यासाठी बूट आणायला. स्वेटर आम्ही मागच्या आठवड्यातच आणायला गेलो होतो. दुकानदार मियाँ म्हातारा होता. मी स्वेटर पसंत केला तर म्हणाला, "अम्मा, किधर जारी बच्ची?" म्हटलं अमेरिका. त्यानं स्वेटर माझ्या हातातून काढूनच घेतला. "नक्को अम्मा. ये हैदराबाद की ठंडी का है. उधर की ठंडी के सामने ये बनियान है बनियान." विकायचा सोडून परत ठेवला बघ! असली माणसं आहेत म्हणून हे गाव सोडवत नाही. मोठा कोट तूच घे तिकडं.

संक्रांतीला तिचं बोरन्हाण केलं. खरं तर ती मोठी झाली आता, चौथं लागलं, पण आधीच्या वर्षी तापली होती म्हणून राहिलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, भोगीला, सत्तेम्मानं तिच्या रीतीनं डोक्यावर बोरं ओतली. त्यांच्यात त्याला भोगी पळ्ळु म्हणतात. रीत तीच, नाव वेगळं. म्हणजे पोरीला दोन दिवस दोनदा बोरं. ती म्हणाली, "वद्दु!" हा शब्द लक्षात ठेव. नको म्हणायचं असलं की ती 'वद्दु' म्हणते, सत्तेम्माची शिकवण. तू नको ऐकायची वाट बघशील आणि ती वद्दु वद्दु म्हणून रडेल.

अजून लिहिते. वरणभात पातळ लागतो. वांगं खात नाही, बापावर गेलीय. डोक्यावरून पाणी घेताना डोळ्यांवर हात ठेवावा लागतो, आपला, तिचा नाही. झोपताना पदर लागतो. तू साडी नेसत नसशील तिकडं. म्हणून तुझी ती जांभळी साडी, तुझ्या आईनं डोहाळजेवणाला दिलेली, तिच्या बॅगेत घातलीय. ती नीट घडी केलेली नाही म्हणून रागावू नकोस. महिनाभर तिला त्यावरच झोपवलं. साडीला आता तिचा वास लागलाय. आणि तुझा होताच.

बघ, मुद्दा आला आणि मी परत लातूरला निघाले.

माधवी, तू गेलीस तो दिवस मला आठवतो. तुला वाटतं मी काही बघितलं नाही. शमशाबादला विमानतळावर तू योगूला माझ्याकडे दिलंस. तेव्हा ती योगू नव्हती, नुसतं बाळ होतं. बारसंच झालं नव्हतं. पाळणा टांगायला हूक ठोकला आणि हे गेले. भाऊजी म्हणाले, "वर्षाच्या आत या घरात पाळणा हलायचा नाही." हे गेल्यावर घरात तेच मोठे, आणि आमच्यात मोठ्यांचा शब्द मोडत नाहीत, कुणाच्या मनातही आलं नाही. बारसं नाही म्हणून नाव नाही. नाव नाही म्हणून दाखल्यावर नुसतं 'मुलगी'. मग पासपोर्ट कुठून? आणि तेवढ्यात कंपनीनं सांगितलं की तिकडच्या ऑफिसात जागा झालीय, आता आलीस तर तुझी. तुझा कागद झाला, तुझ्या पाठोपाठ युवराजचा झाला. बाळाचा कसा होणार? नावच नसलेल्या माणसाला कोणता देश आत घेईल?

तुम्ही म्हणालात, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. मीही म्हटलं, जा. वर्षश्राद्ध झालं, बारसं केलं. आत्या नाही म्हणून सत्तेम्मानंच कानात कुर्र केलं आणि तुम्ही कळवलेलं नाव सांगितलं. पासपोर्ट आला तोवर तुझ्या मुदतवाढीचा अर्ज पडून होता. वकील म्हणाला, सुटेपर्यंत दोघांनी कुणी देश सोडू नका. तो सुटला, तर इथल्या कचेरीची तारीख मिळेना. मिळाली, तर पुढं गेली. कुणाला बोल लावू? आपण पाळणा थांबवला आणि सगळंच थांबलं.

तर विमानतळावर. तू बाळ माझ्याकडे दिलंस, तिनं तुझी ओढणी धरली होती, ती मी सोडवली. आणि तुझा कुडता भिजला. दूध होतं गं तुझ्या अंगावर. तू ओढणी पुढं ओढून घेतलीस आणि बॅगेचं चाक अडकलंय असं दाखवून खाली वाकलीस. मी दुसरीकडे बघितलं. तुला वाटावं की म्हातारीला दिसलं नाही. भाऊजींची बायको महिनाभर सगळ्यांना सांगत होती, "काळीज बघा, अंगावरचं लेकरू टाकून गेली." मी एक दिवस तिला चहा देता देता म्हटलं, "जाऊबाई, तिचं काळीज मी बघितलंय. तुम्ही चहा घ्या, थंड व्हायलाय."

आमच्याकडे पोर अंगावरून तोडायचं असलं की कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, तुला माहीत असेल. पोर धावत येतं, तोंड लावतं, थू करतं. आणि मग आईकडे बघतं. ते बघणं वाईट. तूच मला कडू दिलंस, असं. आईला वाटतं आत्ता पाला धुवावा आणि घ्यावं जवळ. पण धुतला तर सगळं वाया. पोराला तेवढं आणखी अवघड. युवराजला मी तसंच तोडलं. रात्ररात्र जागले तेव्हा, पण पाला धुतला नाही.

तुला मात्र ते करायला मिळालं नाही. तिला तुझ्यापासून विमानानं तोडलं, एका दिवसात. ते मी आता पुन्हा होऊ देणार नाही.

म्हणून त्या रिक्षातून उतरले आणि मी स्वतःला कडुलिंब लावून घेतला, माधवी. एवढंच आहे. मी रागावले नाही. मी तिला माझ्यापासून तोडायलेय.

भरवणं युवराजकडे दिलं. पहिल्या दिवशी तिनं ताट सारलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. आंघोळ त्याच्याकडे, गोष्ट त्याच्याकडे. त्याला गोष्टी येत नाहीत, तो तिला तुझ्या ऑफिसची गोष्ट सांगतो. तुम्ही दोघं बर्फात घसरून पडलात ती तिला फार आवडते. "मग आई पडली?" "पडली." "परत सांगा." मी दाराआड उभी राहून ऐकते. आणि ती मला आई म्हणाली की मी ओ देत नाही. ती म्हणते, "आई. आई. आई गं." मी तांदूळ निवडत बसते. फोनातून तू बोलत असतेस आणि ती माझ्याकडे येते, तेव्हा मी उठते. तुला जे कळलं ते हेच. तिला बघायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी उरू नये म्हणून उठते.

युवराजनं तुला चिलकूरचंही सांगितलं असणार. परतल्यावर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते माझ्या तोंडून ऐक.

शिक्का झाला म्हणून आम्ही तिथल्या बालाजीला गेलो. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा आणि फळला की एकशे आठ, तुला काय सांगायचं, तूही घातल्या आहेस. गर्दी होती. आयटीवाली पोरं पळत पळत चकरा मारतात, हातातल्या कागदावर खुणा करतात, जसं काही देवाच्या ऑफिसात हजेरी लागतेय. माझे गुडघे. मी हळूहळू चालत होते. युवराज योगूला घेऊन एका खांबाशी उभा होता. ती कंटाळली आणि माझ्यामागं धावत आली. "आई, उचल." रोजचंच. अंगणातसुद्धा उचल म्हणते.

मी म्हटलं, "पप्पांकडे जा."

ती तिथंच उभी राहिली. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी जायले. मी पुढं गेले. देवळाला वळसा घालून परत आले तर ती तिथंच, रडत, हात वर करून. मला वाटलं पाय तिथंच रोवले जातील. पण मी थांबले असते तर उचललं असतं. आणि उचललं असतं तर शुक्रवारी विमानतळावर तिचे हात पुन्हा कुणीतरी सोडवायचे होते. मी पुढं गेले. प्रदक्षिणेत हेच वाईट, माधवी. ज्याच्याकडे पाठ करून जावं ते परत समोरच येतं. दुसऱ्या वळशाला युवराज तिच्याजवळ खाली बसला होता. ती त्याला मारत होती. तिसऱ्याला मारता मारता तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली होती. मग मी बघायचंच सोडलं, जमिनीकडे बघत चालले. कितीतरी वेळानं मान वर केली तेव्हा ती त्याच्या खांद्यावर झोपली होती. तोंड उघडं, लाळ त्याच्या शर्टावर. आणि तो हलत नव्हता गं, माशी बसली तरी हलत नव्हता. बाप झाला त्या दिवशी तुझा नवरा.

घरी येताना म्हणाला, "आई, तू दगड आहेस का?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात रे." त्याला सांगितलं असतं तर त्यालाच रडू आलं असतं, आणि त्याला आता रडायला सवड नाही. राहिलेल्या प्रदक्षिणा दुसऱ्या दिवशी सत्तेम्मा घालून आली. ती कशाला म्हणून विचारत नाही. नुसतं म्हणते, "पोनी लेम्मा." जाऊ दे म्हणजे.

योगूला मी खोटं सांगितलेलं नाही. ते तुला कळलं पाहिजे, कारण ती विचारेल. तिनं बॅग बघून विचारलं, "आपण सगळे जायलो?" मी म्हटलं, "तू आणि पप्पा. आईकडे. मी नाही." "का?" आता तिला काय सांगू, कागदावर आजीला जागा नाही म्हणून? म्हटलं, "माझा शिक्का नाही." ती आत गेली. तुझी कुंकवाची डबी, तू कपाटात ठेवून गेलेली, तिचं झाकण घेऊन आली. माझा हात उघडला आणि तळव्यावर झाकण दाबलं, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, त्या साहेबानं दाबला असेल तसं. गोल लाल उमटला. म्हणाली, "झाला. चल आता."

हे गेल्यापासून कुंकवाला माझा हात लागला नव्हता. मी हात धुतला नाही. भाकरी दुसऱ्या हातानं थापली.

तिला म्हटलं, "हा शिक्का इकडचा आहे. यानं मी इकडं राहते आणि तू सुट्टीत येतेस." तिनं विचार केला आणि म्हणाली, "बरं. मग येताना तुला बर्फ आणते." तेव्हा तो बर्फ आणायला तिला एक डबा दे. वितळेल हे तिचं तिला कळू दे.

आणि काल संध्याकाळी, हे पत्र ठेवून मी उठले तेव्हा, तिनं मला हाक मारली. "आजी." कुणी शिकवलं नाही, तिची तिनंच. "आजी, पप्पा भात सांडायलेत." मला पाहिजे होतं तेच झालं. मी आले आले म्हटलं, आणि मोरीत जाऊन नळ सोडला, मोठा.

आता शेवटचं. शुक्रवारी मी विमानतळावर जाणार नाही. युवराजला राग येईल, येऊ दे. दारातून टाटा करीन, रोज शाळेला करते तसं. मग सत्तेम्माकडे जाऊन बसेन. माझी काळजी करू नका. यांची पेन्शन आहे, सत्तेम्मा आहे. नामपल्लीला नुमाइशीची जत्रा भरलीय, ती म्हणते मोठ्या पाळण्यात बसू. दोन म्हाताऱ्या पाळण्यात, भाऊजींना कळलं तर त्यांना चक्कर यायची.

ती तिकडं आली की पहिले काही दिवस मला फोनवर दाखवू नकोस. मी मागितलं तरी दाखवू नकोस. मी मागेन. तू 'कुकर लावायचाय' म्हण. ती तुला मारेल, वद्दु म्हणेल, ताट सारेल. तिनं युवराजलाही मारलं आणि मग त्याच्याच खांद्यावर झोपली. तू फक्त जवळ उभी राहा आणि जांभळी साडी अंगावर घे. तुला वाटेल ही माझी नाही. तुझीच आहे. चालताना डावा पाय तुझ्यासारखा आत टाकते. हे मी तुला आजवर सांगितलं नाही, दूर बसून ऐकायला बरं वाटलं नसतं.

आणि झोपेत ती 'आई' म्हणून हाक मारील. मला मारलेली असेल ती, तुला कळेल. तरी ओ तू दे.

तुला दुधातुपात ठेवो देव. युवराजला सांग, आईचे गुडघे बरे आहेत.

आता फक्त योगूची आजी,
भामा